वाचक विचारतात : गोळ्या जास्त झाल्या तर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्यांनी दारूच्या अंमलाखाली झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि ते सोप्यात उताणे पडून मोठमोठ्याने घोरू लागले. घरातील वडीलधारे म्हणाले, ‘झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल.’ बहिणीला मात्र राहवेना, म्हणून तिने रात्री दोनच्या सुमारास मला बोलावले. मी पोहोचलो तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते. आम्ही सांगली गाठली आणि ते वाचले. झोप आणि बेशुद्धी यांतील फरक आम्हांला आधी कसा कळला असता? निघताना शेजाऱ्यांनी मिठाचे पाणी पाजायला सांगितले होते, ते आम्ही पाजले नाही. त्यात काही चुकले का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : मिठाचे पाणी पाजले नाही हे फार चांगले केलेत. ज्याची शुद्ध हरपत चालली आहे त्याच्या घशात ओतलेले पाणी किंवा वर आलेली उलटी श्वासनळीत जाते, आणि गोळ्यांतून वाचलेला माणूस त्यामुळे दगावू शकतो. मिठाचे प्रमाण जास्त झाले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाते, ते वेगळेच. ताक, लिंबूपाणी, तूप, कडक कॉफी, घशात बोटे घालणे, डोक्यावर घागरभर गार पाणी ओतणे हे सगळे उपाय याच पंक्तीतले आहेत. रात्रपाळीला मी पुष्कळदा पाहिले आहे, की चार माणसे रुग्णाला काखेत धरून ‘चालव, झोपू देऊ नकोस’ म्हणत अंगणात फेऱ्या मारायला लावतात आणि त्यात पाऊण तास घालवून मग दवाखान्यात येतात. त्याला जागे ठेवण्यापेक्षा त्याचा श्वास चालू ठेवणे महत्त्वाचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झोपलेला माणूस नावाने हाक मारून खांदा हलवला की कूस बदलतो, कुरकुरतो, चादर ओढून घेतो. तसे काहीच झाले नाही, तर मुठीच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने रगडून पाहावे. एवढ्या वेदनेनेही जो डोळे उघडत नाही किंवा हात झटकत नाही, तो झोपलेला नाही. त्यानंतर पोटावर तळहात ठेवून घड्याळात अर्धा मिनिट श्वास मोजावेत. निरोगी प्रौढ माणूस विसाव्यात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. अर्ध्या मिनिटात पाच किंवा त्याहून कमी श्वास भरले, अथवा दोन श्वासांत लांब खंड पडू लागला, तर वेळ हाताबाहेर जात आहे असे समजावे. ओठ आणि नखे यांचा रंगही पाहावा. सावळ्या वर्णाच्या माणसात निळसरपणा चटकन दिसत नाही, म्हणून ओठांची आतली बाजू पाहावी. ती राखाडी दिसते.

राहिले घोरणे. रोज घोरणाऱ्या माणसाच्या घरी हीच फसगत होते. झोपेच्या गोळ्या, दारू आणि अफूवर्गीय औषधे ही तिन्ही मेंदूतील श्वासाचे केंद्र मंद करतात, आणि दोन एकत्र आली की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा अधिक होऊ शकतो. त्यात जीभ सैल पडून मागे घशात जाते आणि अर्धवट बंद झालेल्या वाटेतून ओढून घेतलेल्या हवेचा तो आवाज असतो. घोरण्यात घरघर मिसळली किंवा हलवूनही ते थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

अशा वेळी आधी १०८ला फोन करून स्पीकर चालू ठेवावा आणि लगेच रुग्णाला एका कुशीवर वळवावे. वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवावा, म्हणजे शरीर पालथे होत नाही. हनुवटी किंचित वर उचलून तोंड जमिनीकडे कलते ठेवावे, म्हणजे उलटी झालीच तर बाहेर पडते. श्वास अजिबात नसेल किंवा माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा अधूनमधून नुसता तोंड उघडत असेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहावे. तोंडाने श्वास देता येत असेल तर दर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, कारण अशा रुग्णांत हृदय बहुधा प्राणवायूअभावी थांबलेले असते.

तुम्ही द्राक्षपट्ट्यातले आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अफूवर्गीय औषधाने डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि बागेवर फवारायच्या काही कीटकनाशकांनीही नेमके तसेच होते. फरक असा, की कीटकनाशकाच्या रुग्णाला दरदरून घाम येतो, तोंडातून लाळ-फेस वाहतो आणि अनेकदा अंगाला औषधाचा उग्र वास असतो. दोहोंचे उतारे अगदी वेगळे आहेत : एकाला नॅलोक्सोन, दुसऱ्याला अॅट्रोपीन. म्हणून शेडमधील बाटली असो वा खिशातील गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, ती रुग्णासोबत आलीच पाहिजे. कीटकनाशकाचा संशय असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, कपडे उतरवून कातडी साबणपाण्याने धुवावी आणि हे करणाऱ्याने हातमोजे घालावेत. जत-आटपाडीकडील कुटुंबांनी थेट सांगली-मिरजेचा हट्ट धरू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात श्वास सांभाळून पुढे पाठवलेला रुग्ण अधिक सुरक्षित असतो.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. परवा तिने सकाळच्या गोळ्या विसरून दोनदा घेतल्या. तिला काहीच त्रास झाला नाही, म्हणून आम्ही गप्प बसलो. घरात चार वर्षांचा नातूही आहे आणि सुनेच्या लोहाच्या गोळ्या उघड्या फडताळात असतात. काळजी करावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : करावी. ‘त्रास नाही’ या दोन शब्दांवर या विषयात कधीच विसंबू नये. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने साखर काही तासांनंतर उतरू शकते, आणि साखरपाणी देऊन सावरलेला रुग्ण पुन्हा घसरू शकतो. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले आणि आई पूर्ण शुद्धीवर असतील, तर लगेच गोड द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. दोन्ही प्रसंगी रुग्णालय गाठावे आणि किमान एक दिवस देखरेखीत ठेवावे.

मुलाच्या बाबतीत तर आजीची एक मधुमेहाची गोळीदेखील थेट रुग्णालयात जाण्याचे कारण आहे. लोहाच्या गोळ्या गोड लेपामुळे मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. त्या खाल्ल्यावर आधी उलट्या होतात, मग काही तास मूल बरे दिसते आणि त्यानंतर एकाएकी कोसळू शकते. पॅरासिटामॉलची चाल याहून फसवी आहे. पहिला दिवस साधी मळमळ, फार तर तेवढेच. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. त्यावरचा अॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणजे रुग्ण ठणठणीत दिसत असतानाच तो सुरू करावा लागतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फडताळाच्या दारावर आतून चिकटवून ठेवावा. आणि गोळ्या त्या फडताळातून आजच वर, कुलपात जाऊ द्याव्यात.

प्रश्न : असा रुग्ण नेला की पोलीस केस होते, म्हणून आमच्या गल्लीत एका मुलाला घरीच ठेवले होते. ही भीती खरी आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पोलिसांना कळवले जाते हे खरे आहे, कारण विषबाधेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून करावी लागते. मात्र आधी उपचार आणि कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलेले आहे. जीव देण्याच्या प्रयत्नाबाबत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की ती व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि शासनाने तिची काळजी घ्यावी. व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचारांसाठी पुढे आली तर अमली पदार्थविरोधी कायद्यातही, ठरावीक अटींवर, सूट आहे. डॉक्टरांपासून मात्र काहीही लपवू नये. ‘साधी तापाची गोळी घेतली होती’ असे सांगितल्यामुळे उपचार चुकीच्या दिशेने गेलेले मी पाहिले आहेत. गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील तर रुग्ण घरी परतल्यावरही त्याला एकटे सोडू नये; १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला आहे. पूर्वी तो ‘बटण’ म्हणतात त्या नशेच्या गोळ्या आणि इंजेक्शन घेत असे. आता तो चांगला आहे, तरी मला रात्री झोप लागत नाही. मी घरात काय तयारी ठेवावी?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमची काळजी अनाठायी नाही, आणि हे मुलालाही समोर बसवून सांगायला हवे. तीन महिन्यांत त्याच्या शरीराची सवय मोडली आहे. पूर्वी जेवढ्या मात्रेने त्याला नुसती गुंगी येत असे, तेवढीच मात्रा आज त्याचा श्वास थांबवू शकते. केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात. पाय घसरलाच तर तो तुमच्यापासून लपवणार नाही, इतपत बोलणे त्याच्याशी राहू द्या. रागावण्यासाठी पुढे आयुष्य पडले आहे.

तो अफूवर्गीय इंजेक्शन घेत असेल, तर नॅलोक्सोनविषयी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. आपल्याकडे ते प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयात असते. ते काही मिनिटांत श्वास परत आणते, पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मूळ औषध तोवर अंगात शिल्लक असू शकते. उठून बसलेला मुलगा ‘आता घरी चला’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयातच थांबवावे. झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोनचा उपयोग होत नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचे नाव आपल्या भागाला नवे नाही. २०२४ मध्ये कुपवाडला त्याचा मोठा साठा पकडला गेला होता. त्याची लक्षणे नेमकी उलट असतात : अंग तापते, छाती धडधडते, माणूस सैरभैर होतो, कधी झटके येतात. अशा वेळी त्याला पालथा पाडून दाबून धरू नये. गर्दी हटवावी, अंगावर ओले फडके फिरवून पंखा लावावा आणि १०८ला कळवावे. व्यसनासंबंधी सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

घरात एक बदल मात्र याच आठवड्यात करून घ्या. असे प्रसंग बहुधा बंद दाराआड घडतात आणि दार फोडण्यात मोलाची मिनिटे जातात. न्हाणीघराची आणि त्याच्या खोलीची कडी सुताराकडून बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या, आणि ती कशासाठी बसवली हे त्याला आधी सांगा.