मटण चिवट आणि नूडल्सचा लगदा: एकाच कुकरमध्ये दोन्ही कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न असा की, परदेशी व्हिडिओत एकाच भांड्यात बीफ आणि नूडल्स शिजवतात, तसं सोलापुरात घरच्या कुकरमध्ये केलं तर मटण दाताला चिवट लागलं आणि नूडल्सची खीर झाली. दोन्ही एकदम टाकून झाकण लावलंत, तिथंच बिघडलं. भांडं एक असलं तरी वेळ एक नसते. मटणाला प्रेशरखालीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि नूडल्सना उघड्या भांड्यात पाच. मटण पुरतं शिजल्याशिवाय नूडल्सचं पाकीट फोडायचंच नाही.

आधी मांसाचं बघू. मूळ पदार्थात गोमांस असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथं 'मोठ्याचं' म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. चवीला ते मूळ पदार्थाच्या जवळ जातं, पण शिजायला वेळ जवळजवळ दुप्पट धरा. बोकडाचं घेणार असाल तर खांदा आणि नळी मागा, निव्वळ मांडीचं बोनलेस नको. खांद्यात, नळीभोवती शिरा आणि पांढरे पडदे असतात. ते सावकाश शिजून विरघळतात आणि रस्सा ओठाला चिकटेल असा दाट होतो. बोनलेस मांडी मात्र जास्त शिजली की तिचे दोरे सुटतात आणि रश्श्यात असूनही कोरडी लागते. तुकडे दीड इंची ठेवायला सांगा.

चौघांसाठी ५ लिटरचा कुकर, ६०० ग्रॅम हाडासकट मटण, २ मोठे कांदे, १ टोमॅटो, १ गाजर, आलं-लसणाचं वाटण १ मोठा चमचा, तेल ३ मोठे चमचे, साध्या सुक्या नूडल्स २०० ग्रॅम आणि पाणी १ लिटर. नूडल्स हाक्का किंवा एग नूडल्स घ्या. दोन मिनिटांत होणाऱ्या पाकिटातल्या नकोत. त्या आधीच शिजवून तळलेल्या असतात, गरम रश्श्यात लगेच गळतात.

मटण धुतल्यावर हळद-मीठ लावून ठेवायची आपली सवय इथं आड येते. मिठानं पाणी सुटतं, आणि ओलं मटण तेलात भाजलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं. भाजल्याचा खमंगपणा यायला वरचा थर साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. पाणी आहे तोवर तो शंभराच्या आसपासच अडकतो. म्हणून तुकडे कापडानं कोरडे टिपून घ्या (सोलापुरात टॉवेलला काय तोटा, एक जुना या कामालाच ठेवा आणि दर वेळी उकळत्या पाण्यात धुवा). तेल चांगलं तापल्यावर मटण दोन हप्त्यांत भाजा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, सारखं ढवळू नका. सगळं एकदम ओतलं की तेल गार होतं आणि पाणी सुटतं.

मटण बाजूला काढून त्याच तेलात कांदा बदामी होऊ द्या, मग वाटण, टोमॅटो, हळद आणि १ चमचा मीठ. मसाल्याचं एकच काय ते ठरवा. आपला काळा मसाला २ छोटे चमचे, नाहीतर सोया सॉस, मिरी आणि तमालपत्र. दोन्ही एकत्र घातलं की चव ना इकडची ना तिकडची. सोया सॉस घालणार असाल तर मीठ अर्ध्यावर आणा. आता अर्धी वाटी पाणी घालून तळाला धरलेलं सगळं उलथन्यानं खरवडून घ्या. यात आळस केलात तर तेच झाकणाखाली करपतं आणि अख्ख्या रश्श्याला वास लागतो.

मटण परत घालून उरलेलं पाणी ओता. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर २० ते २५ मिनिटं. मोठ्याचं असेल तर ४० ते ४५. शिट्ट्या मोजू नका. आच आणि कुकर बदलला की शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं, घड्याळ बदलत नाही. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आत एकदम खळखळ उकळी येते आणि मांसातला रस बाहेर पडतो. झाकण काढून चमच्याच्या कडेनं तुकडा दाबून बघा. सहज तुटला नाही तर आणखी दहा मिनिटं प्रेशर द्या. जे काही दुरुस्त करायचं ते याच वेळी, नंतर संधी नाही.

आता पाण्याचा हिशेब, कारण लगदा किंवा कोरडा गोळा इथंच ठरतो. २०० ग्रॅम सुक्या नूडल्स शिजून साधारण ५०० ग्रॅम होतात, म्हणजे ३०० मिली पाणी पितात. वर दाट रस्सा हवा तर नूडल्स घालण्याआधी कुकरमध्ये ९०० मिलीच्या आसपास रस्सा असावा. कमी वाटला तर उकळतं पाणी घाला, गार नको.

उघड्या कुकरमध्ये रस्सा खळखळू लागला की गाजराच्या पातळ चकत्या टाका, तीन मिनिटांनी नूडल्स अर्ध्या मोडून रश्श्याखाली दाबा. पहिलं एक मिनिट काट्यानं हलवत राहा. वरचा स्टार्च तेव्हाच सुटतो आणि धागे एकमेकांना धरतात. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्याच्या एक मिनिट आधी गॅस बंद, तीन मिनिटं नुसतं झाकून ठेवा. नूडल्स आत असताना कुकरला प्रेशर देऊ नका. मैद्याचा फेस वर येऊन वाफेचं भोक बुजू शकतं, आणि हे धोक्याचं आहे.

रस्सा पातळ राहिला तर शेवटी २ चमचे शेंगदाण्याचं कूट. येसूर (रस्सा दाट करायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) असेल तर १ चमचा गार पाण्यात कालवून घाला, पण तो नूडल्सच्या आधी, एक उकळी यायला हवी. नूडल्स मिळाल्या नाहीत तर गव्हाच्या जाड शेवया कोरड्या भाजून टाका, त्या दोन-तीन मिनिटांत होतात. आणि घरात कडक भाकरी असेल तर खरं सांगायचं तर याच रश्श्यात ती कुस्करलेली मला नूडल्सपेक्षा बरी वाटते.

उद्यासाठी ठेवायचं असेल तर रस्सा आणि मटण आधीच वेगळं काढा. नूडल्स फ्रीजमध्येही रस्सा पीत राहतात, सकाळी नुसता गोळा मिळतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात रस्सा तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. पसरट भांड्यात ओतलात तर लवकर निवतो. दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी चमच्यानं अर्धी काढा, रस्सा चांगला उकळा आणि नूडल्स ताज्या टाका.