प्रश्न तुमचे : आठवड्याच्या बाजाराचे पैसे गुरुवारीच का संपतात?

यावेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, घरखर्च, आणि त्यातही आठवड्याचा बाजार. सगळी छापायची तर अंकात दुसरं काही मावणार नाही, म्हणून चार निवडलीत. ज्यांचे प्रश्न असेच होते त्यांनी आपलं उत्तर यातच शोधा प्लीज.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं, मी, नवरा आणि दोन मुलं, 9 आणि 13 वर्षांची. दोघंही नोकरीला. किराणा, दूध, भाजी सगळं मिळून महिन्याला दहा हजार ठरवलेत म्हणजे आठवड्याला अडीच हजार. पण गुरुवार आला की खडखडाट, मग क्रेडिट कार्ड. नवरा म्हणतो तू भाजी महाग आणतेस, मी तर भाजीवालीशी घासाघीस करून करून थकते. नक्की चुकतंय कुठे?
— एक नोकरदार आई, पिंपळे गुरव

उत्तर : आधी गणित बघू कारण गडबड तिथूनच सुरू होते. महिन्याला चार आठवडे धरले की वर्षाचे 48 होतात, पण वर्षाला आठवडे असतात 52. ते वरचे चार आठवडे तुम्ही काय उपास करणार आहात का? दहा हजार गुणिले बारा म्हणजे 1,20,000, त्याला 52 ने भागा, जेमतेम 2,300 येतात. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही दोनशे रुपये असे धरून चालताय जे मुळात नाहीच आहेत.

आता दूध. तुमच्याकडे दोन वाढती मुलं, चहा, दही, दिवसाला दीड लिटर तर लागतच असेल. साठ रुपये लिटर धरलं तरी रोजचे 90, आठवड्याचे 630, महिन्याचे 2,700. हे पैसे भाजीच्या पाकिटातून जातात आणि कळतही नाही कारण दूधवाल्याचं बिल एकदमच द्यायचं असतं. मग किराणा. ज्या आठवड्यात पाच लिटरचा तेलाचा कॅन आणि दहा किलोचं आट्याचं पोतं एकदम येतं तो आठवडा मेलाच समजा, आणि ज्या आठवड्यात नाही येत त्या आठवड्यात हात सैल सुटतो, आणि मग आपल्याला वाटतं की आपल्याला हिशोबच जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच की आठवड्याच्या पैशात फक्त नासणारं सामान ठेवा. भाजी, फळं, अंडी, पाव, पनीर, चिकन. बास. दूध महिन्याच्या खात्यात, तेल-डाळ-साखर-चहा-साबण महिन्याच्या यादीत एकदाच. आता तुमच्या दहा हजारातून दुधाचे 2,700 काढा, किराण्याचे कमीत कमी चार हजार काढा, राहिले 3,300, म्हणजे आठवड्याला साधारण 760. आता खरं सांगू का, 760 रुपयांत चौघांची भाजी, फळं आणि अंडी ओढून ताणून बसतील, चिकन आणलं की नाही बसणार. म्हणजे तुम्ही उधळ्या नाही, आकडाच तोकडा आहे. तो बारा हजार करायचा की बाहेरच्या जेवणातून काढायचा हे दोघांनी बसून ठरवा, पण 'तू भाजी महाग आणतेस' हे बंद करायला सांगा त्यांना.

आणि भाजीवालीशी पाच रुपयांसाठी भांडणं पण सोडा बाई. ती पाटीवर बसून दिवसभरात जे कमावते त्यातले पाच रुपये वाचवून आपण घरी येतो आणि त्याच संध्याकाळी ॲपवरून कोथिंबिरीची एक जुडी मागवतो, मग फ्री डिलिव्हरीला कमी पडतंय म्हणून चिप्स, मग एक चॉकलेट, वर हँडलिंग चार्ज. गळती इथे आहे. बहुतेक घरात इथेच असते, भाजीवालीकडे नसते.

यावर एक साधा उपाय आहे, यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोटं पाकीट. त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 रुपये ठेवता येतात आणि एका पेमेंटला 1,000 पर्यंत जातात. रविवारी त्यात आठवड्याचे पैसे टाका आणि भाजी-फळं-अंडी फक्त त्यातूनच घ्या. बुधवारी किती उरलेत ते समोर दिसतं. ऑटो टॉप-अप मात्र बंद ठेवा, नाहीतर ते आपोआप भरत राहतं आणि मग काय उपयोग.

शेवटचं म्हणजे आणलेली भाजी संपवायचा क्रम. मेथी, पालक, शेपू सोमवार-मंगळवारी, मग भेंडी-दोडका-गवार, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा हे शुक्रवार-शनिवारसाठी ठेवा, ते थांबतात. उलटं केलं की पालक पिवळा पडतो आणि गुरुवारी परत ॲप उघडलं जातं. जवळपास शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तिथून एकदम घ्या. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली तेव्हापासून शेतकरी शहरात थेट माल विकतात, तिथे माल ताजा असतो आणि ताजा असला की तो शनिवारपर्यंत टिकतो, माझ्या मते स्वस्ताईपेक्षा मोठा फायदा तोच.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाई दरवर्षी उन्हाळ्यात वर्षाचा गहू, तांदूळ, तूरडाळ भरायला लावतात. एका महिन्यात एकदम मोठा खर्च होतो आणि पुढचे दोन महिने आठवड्याच्या बाजाराला सुद्धा हात आखडता घ्यावा लागतो. मी म्हणते दर महिन्याला मॉलमधून घेऊ, ऑफर असतात. कोण बरोबर?
— एक सून, सांगली

उत्तर : गव्हाच्या बाबतीत सासूबाई. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलला निघतो, बाजारात आवक तेव्हाच जास्त, भाव तेव्हाच उतरलेला. पोळ्या खाणारं चौघांचं घर महिन्याला 12-15 किलो गहू सहज संपवतं, त्यामुळे वर्षाचं घेतलं तर फरक नजरेत भरण्याएवढा पडतो. शिवाय तुम्ही गिरणीतून दळून आणत असणार, त्या पिठाच्या पोळीला पाकिटातला आटा गाठू शकत नाही हे माझं वैयक्तिक मत.

तूरडाळीचं मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कारण नाही. तूर डिसेंबर-जानेवारीपासून निघायला लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी डाळ बाजारात असते, तेव्हाच घ्या म्हणजे खर्च दोन महिन्यांत विभागला जाईल. तीही वर्षाची नको, चार-सहा महिन्यांची पुरे. तांदूळ जुना झाला की मोकळा होतो म्हणून उन्हाळ्यात घेतलेला चालतो, पण तुमच्याकडे भात किती खाल्ला जातो त्यावर आहे ते, रोज दोन वाट्या भात होत असेल तर पोतंभर तांदूळ भरून किड्यांना का खाऊ घालायचा.

आणि मुख्य मुद्दा, किडे. वर्षाचं भरणं फायद्याचं कधी, तर घरात पत्र्याची कोठी असेल, गच्चीत दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायला कुणी असेल, आणि मग एरंडेल तेल चोळायचं किंवा कडुलिंबाचा वाळवलेला पाला थरांत घालायचा एवढा उत्साह असेल तर. सासूबाईंना आहे तो, तोवर फायदा घ्या. फ्लॅटमध्ये जागा नाही, कुणाला वेळ नाही आणि ऑगस्टमध्ये गव्हात टोके झाले तर वाचलेले पैसे तिथेच गेले.

टॅक्सचंही सांगते. जुलै 2022 पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या आटा, तांदूळ, डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या धान्यावर नाही. आणि हा नियम 25 किलोपर्यंतच्या पाकिटाला आहे, म्हणून तर दुकानात 26 किलोची तांदळाची पोती दिसायला लागली, लोक काय डोकं लावतात बघा. 

राहिला तुमचा खरा त्रास, पुढचे दोन महिने ओढाताण. त्याला धान्य जबाबदार नाही. वर्षाचा खर्च एका पगारातून करायला गेलं की तो पगार झोपणारच. गेल्या उन्हाळ्यात किती लागले ते बघा, त्याला दहाने भागा आणि जूनपासून तेवढे दहा महिन्यांसाठी बँकेत आरडीला लावून टाका. पुढच्या एप्रिलला सासूबाईंनी यादी काढली की तुमच्या आठवड्याच्या पाकिटाला हात लागणार नाही.

प्रश्न : आम्ही तीन मित्र कोथरूडला फ्लॅट घेऊन राहतो, स्वयंपाक स्वतःच करतो (जमेल तसा). सुपरमार्केटमध्ये दहा ब्रँड, प्रत्येकाचं वजन वेगळं, ऑफर वेगळी. स्वस्त काय ते कळत नाही, आणि महिनाअखेरीला तिघांचे हिशोब पण जुळत नाहीत.
— तीन बॅचलर, पुणे

उत्तर : पोरांनो, पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, ती बघा. आधी बिस्किटं, डाळ, तेल वगैरे ठराविक वजनातच विकावं लागायचं, ते बंधन निघालं म्हणून आता 870 ग्रॅम, 425 ग्रॅम असले आकडे दिसतात, आणि त्याबरोबरच ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते छापणं सक्तीचं केलं. फक्त एक गोम आहे, किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा असतो आणि किलोच्या वरच्यावर किलोचा. एकावर 0.16 आणि दुसऱ्यावर 150 असं दिसलं तर पहिल्याला हजारने गुणा, 160 येतात, म्हणजे मोठं पाकीट स्वस्त. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे ना.

तेलात लोक हमखास फसतात. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नाही, साधारण 910 ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरचा डबा 13 किलो 650 ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पंधरा किलोचा डबा साडेसोळा लिटरच्या जवळ जातो. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे सारखेच दिसतात, भाव विचारण्याआधी किलो की लिटर ते विचारा. तुम्हा तिघांना तेवढा डबा नकोच म्हणा, माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा, दीड-दोन लिटरमध्ये भागलं पाहिजे. भागत नसेल तर भजी कमी करा.

22 सप्टेंबर 2025 पासून तूप, लोणी, चीज यांचा जीएसटी 12 वरून 5 झाला, बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, शाम्पू 18 वरून 5, आणि पाकीटबंद पनीरवर तर काहीच नाही. हे सामान आता पूर्वीपेक्षा कमी भावात मिळायला हवं, बिल एकदा नीट वाचत जा.

स्वस्तात पोट भरायचं तर कडधान्य. मोड आलेली मटकी पाव किलोच्या भावाने घेण्यापेक्षा कोरडी घ्या, भिजून मोड आले की दुपटीच्या वर जाते. मोड आणायला रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचं एवढंच, त्याला काही आईला फोन लावायची गरज नाही. अंडी थंडीत महागतात तेव्हा कडधान्याकडे वळा, शिवाय डिसेंबर ते फेब्रुवारी मटार स्वस्त असतात.

हिशोबाचं म्हणाल तर तेल-तांदूळ-डाळ-गॅस तिघांत समान, आणि नूडल्स, प्रोटीन पावडर, कोल्ड्रिंक ज्याचं त्याचं. भांडणं नेहमी या दुसऱ्या गटावरूनच होतात, तो कॉमनमध्ये घेऊच नका.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीकडचे, आठवड्याचे निम्मे पैसे मासळीवर जातात आणि पावसाळ्यात तर विचारू नका, काय मिळेल ते आणि सांगतील तो भाव. मासे सोडा असं सांगू नका.
— एक काका

उत्तर : काका, सोडायला कशाला सांगेन, मला काय मार खायचाय? पण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हे काही अचानक येत नाही. तुमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी पूर्वीपासून आहेच, एप्रिल-मेमध्ये सुकट, जवळा, सुके बोंबील, सुके बांगडे भरून ठेवायचे, कडक ऊन दाखवून कोरड्या बरणीत. हल्ली ते 'वास येतो' म्हणून सुटत चाललंय आणि मग जुलैत बर्फातली मासळी दुप्पट पैसे देऊन आणायची. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) महाग असतात, ते थोडेच घ्या, रोजच्याला सुकट-जवळा. चातुर्मास किंवा श्रावण पाळत असाल तर भरताना ते दिवस वजा करा, नाहीतर बरणी उरते.

बाकी आठ-दहा महिने बांगडा, मांदेली, पेडवे या मासळीवर आठवडा चालवा, वाटा पद्धतीने, म्हणजे ढिगाच्या भावाने घ्या, संध्याकाळी उशिरा गेलात तर वाटा मोठा मिळतो पण डोळे आणि कल्ले बघूनच घ्या, ते तुम्हाला मी काय सांगणार. पापलेट, सुरमई आठवड्याच्या पैशातून नको, त्यांना सणावाराच्या खर्चात धरा, मुंबईहून मुलं येतील तेव्हा.