विधान-निष्कर्ष: बांगड्याबद्दलची माहिती बाजूला ठेव

नोकरभरतीच्या परीक्षेची तयारी नुकतीच सुरू केलीस, तर आधी हा प्रश्न बघ. दिलेली विधानं खरी धरायची आणि निष्कर्ष फक्त त्यांतूनच निघतो का, ते सांगायचं. सर्व बांगडे मासे आहेत. काही मासे खाऱ्या पाण्यातले आहेत. निष्कर्ष: काही बांगडे खाऱ्या पाण्यातले आहेत. मालवणात वाढलेलं पोर लगेच 'बरोबर' म्हणणार, आणि गुण जाणार. बांगडा समुद्रातलाच, पण तसं विधानांत कुठे लिहिलंय?

बांगड्यांचं वर्तुळ माशांच्या वर्तुळात काढ. खाऱ्या पाण्याचं वर्तुळ माशांना छेदून, पण बांगड्यांना न शिवता काढता येतं ना? मग निष्कर्ष पडला. नेहमी निष्कर्ष मोडणारी आकृतीच शोधायची. एक सापडली तरी पुरे. नियमाने बघायचं तर दोन्ही विधानांना जोडणारं पद, इथे 'मासे', निदान एकदा तरी पूर्ण घेतलेलं हवं, म्हणजे विधान त्यातल्या सगळ्यांबद्दल बोलणारं हवं. 'सर्व'मध्ये पहिलंच पद पूर्ण असतं, 'एकही नाही'मध्ये दोन्ही, 'काही आहेत'मध्ये एकही नाही. इथे 'मासे' एकदाही पूर्ण नाही, म्हणून निष्कर्ष निघत नाही.

दुसरा निष्कर्ष 'एकही बांगडा खाऱ्या पाण्यातला नाही' असा असेल तर घाईने 'दोन्ही नाहीत'वर खूण करू नकोस. पदं तीच, दोन्ही अनिश्चित, जोडी 'काही' आणि 'एकही नाही'ची, यातलं एक खरं असणारच, म्हणून उत्तर 'एकतर पहिला किंवा दुसरा'. इथे चूक सहज होते.