एचआयव्हीच्या व्हायरल लोडमध्ये (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीत) विषाणू दिसत नाही, तर कापूस वेचणीच्या धावपळीत एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या उपचाराची) गोळी थांबवली तर चालेल का?

नाही, थांबवू नका. विषाणू दिसत नाही तो गोळीमुळेच. मी विदर्भातल्या एका एआरटी केंद्रावर समुपदेशन करते, तिथे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या त्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन विषाणूला त्याच्या आरएनएची डीएनए प्रत काढू देत नाहीत. डोल्युटेग्राविर ती प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत शिरू देत नाही. एचआयव्ही नक्कल करताना फार चुका करतो, त्यातूनच एखाद्या औषधाला न जुमानणारा विषाणू निपजतो. तिन्हींना एकदम चुकवणं त्याला फार अवघड जातं. पण काही पेशींत तो झोपून राहतो, त्याच्यावर औषध चालत नाही, आणि गोळी बंद झाली की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. कामाला बाहेरगावी जायचं असेल तर आधी केंद्रावर सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जवळच्या लिंक एआरटी केंद्राची (मुख्य केंद्राशी जोडलेल्या, गोळ्या देणाऱ्या छोट्या केंद्राची) सोय विचारा. टीबीचं औषध सुरू झालं तर मात्र लगेच कळवा: टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर कमी पडतं, म्हणून त्याचा दिवसातून आणखी एक डोस लागतो.