शंभर वर्षं जुन्या दगडी सायन्स बिल्डिंगमध्ये आजच्या लॅब बसतील का, की पाडून नवीन बांधावी?

पाडू नका, प्लीज. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या साइटवरच असतो, त्यामुळे सांगतो, लॅब बसतात, पण सगळ्या नाही बसत आणि खरा घोळ तिथेच होतो.

सगळ्यात त्रास केमिस्ट्रीचा. फ्यूम हूड म्हणजे प्रयोगातल्या घातक वाफा बाहेर खेचणारं कपाट, त्याच्या तोंडाशी हवा साधारण सेकंदाला 0.5 मीटर वेगाने आत खेचली जावी लागते, म्हणजे एक मोठा हूड तासाला हजार घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकणार, असे दहा हूड म्हटल्यावर तेवढी हवा परत आत आणायची, एसीने थंड करायची, आणि डक्ट कुठून नेणार तर कमानीला भोक पाडून! त्यापेक्षा केमिस्ट्री मागच्या बाजूला नवीन विंगमध्ये न्या आणि जुन्या इमारतीत लेक्चर हॉल, लायब्ररी, कॉम्प्युटर लॅब ठेवा, उंच छत आणि मोठ्या खिडक्या यांना छान सूट होतात. जड मशीन, मायक्रोस्कोप तळमजल्यावरच.

मुंबईत फोर्टला इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स बघून या. वास्तुविशारद जॉर्ज विटेटचं काम, पायाभरणी 1911 ची, पूर्ण झालं 1920 ला. त्याच समूहातल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 ला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सुरू झाली. आत गेलात की एकावर एक गॅलऱ्या आणि जिने, सगळं नवीन, बाहेरून मात्र दगडाचा हॉल जसाच्या तसा. मला हे फार आवडतं, वापर पूर्ण बदलला तरी रस्त्यावरचा चेहरा तोच राहिला.

आणि एक, भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात करू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर म्हणेल स्वस्त आणि पक्कं होतं म्हणून. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, मग दोन-चार पावसाळ्यांत गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात, कधी दगडाचाच थर निघतो. चुना, वाळू, सुर्खी म्हणजे विटांची भुकटी, त्यात गूळ-हिरड्याचं पाणी, हे मिश्रण घोटणारा गवंडी शोधा, मिळतात अजून.

हेरिटेज यादीत इमारत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, ते ड्रॉइंग काढायच्या आधी बघा, कारण परवानगी त्यावरच ठरते. स्ट्रक्चरल ऑडिटही आधीच. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायचं काम सुरू कराल तेव्हा मागच्या भिंतीवर नमुन्याचा एक पट्टा करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मगच समोरच्या भिंतीला हात लावा.