वाचक विचारतात : शिव्यांतले प्राणी

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी घरगुती प्रहसन लिहिलं आहे. त्यात सासू सुनेला ‘म्हैस’ म्हणते. तालमीत कुणी हसलं नाही, उलट सगळे गप्प झाले. प्राणी बदलू का?

उत्तर : बदलाच. ‘म्हैस’ शरीरावर बोट ठेवते, आणि इथे ती घरात वरचढ असलेल्या बाईने नव्या सुनेला म्हटलेली. प्रेक्षक लगेच सुनेच्या बाजूने होतात, मग हसायचं कुणाला? ‘रेडा’, ‘हत्ती’ घेतलेत तरी तेच होईल. हशा पिकतो तो वागण्यावर बोट ठेवलं की. टोणगा म्हणजे कामधंद्याविना नुसता वाढलेला, उंटावरचा शहाणा म्हणजे मूर्खपणाचे सल्ले देणारा. ‘घोडा’ तर अकलेबद्दल नसतोच, वयाबद्दल असतो : ‘एवढा घोडा झालास, अजून स्वतःचं ताट उचलत नाहीस!’

तुमच्या नाटकात खरा प्राणी सुनेचा नवरा आहे, नंदीबैल. दारात येणारा नंदीबैल आठवा. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे. मालक ढोलकं गुबुगुबु वाजवत विचारतो, ‘पाऊस पडंल का?’ आणि तो मान डोलावतो. हीच कृती नटाला द्या. आई विचारते, ‘माझंच बरोबर ना रे?’ मान डोलते. बायको नेमकं उलट विचारते, तरी मान डोलते. मग दोघी एकदम विचारतात, पुन्हा तेच. तेव्हा कोपऱ्यात भाजी निवडणारी आत्या म्हणते, ‘वहिनी, ह्याच्या पाठीवर झूल तेवढी घाला.’

‘नंदीबैल’ हा शब्द कुणीच उच्चारायचा नाही. तो प्रेक्षकांना आपला आपण सापडला पाहिजे, त्यातच खरी गंमत आहे. नटाने शेवटची मान हशा ओसरू लागल्यावर डोलवावी; आत्याच्या वाक्यावरच डोलवली तर वाक्य बुडतं. आणि त्या प्रवेशात दुसरा प्राणी आणू नका. गाढव, माकड, घुबड एकामागून एक आले की नुसती यादी होते.

प्रश्न : आजीचं ‘गाढवा’ गोड लागतं, मग शिक्षकांचं का बोचतं?

उत्तर : पुढचं वाक्य बघा. ‘गाढवा, जेवलास का?’ यात काळजी आहे. भर वर्गात, उत्तर चुकल्यावर आलेलं ‘गाढव आहेस’ म्हणजे निकाल, आणि मुलाला उलट बोलायची सोय नाही. ‘बैला’चं ‘बैलोबा’ केलं की धार जाते. ‘कुत्रा’ आणि ‘डुक्कर’ मात्र कशानेच मऊ होत नाहीत. थट्टेतही ते टाळा.