शिकारी पक्ष्यांचे फोटो आणि आपली नजर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (एक वाचक, दौंड): भिगवणला आणि जवळच्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर मी घारी, गरुड, भोवत्या (हिवाळ्यात येणारे हॅरियर) यांचे फोटो काढतो. ग्रुपवर टाकले की सगळे वा वा करतात, पण स्पर्धेला पाठवले की पहिल्याच फेरीत बाहेर. मला तर माझा प्रत्येक फोटो चांगलाच वाटतो. मग खरंच चांगला कुठला हे ओळखायचं कसं?

उत्तर: फार चांगलं विचारलंत. कुठली लेन्स घेऊ असं विचारणारी पत्रं ढिगाने येतात, आपलं काम कसं जोखू असं विचारणारं एखादंच.

आधी एक बघा. पहाटे अंधारात निघायचं, माळावर गारठत बसायचं, तास-दोन तास काहीच नाही आणि मग एकदाचा गरुड डोक्यावरून जातो, आता तो फोटो बघताना तुम्हाला ती पहाट, ती थंडी, ती धडधड सगळं परत दिसतं आणि परीक्षकाला मात्र पांढरट आभाळात खालून काढलेलं एक पोट आणि दोन पंख दिसतात, बस. म्हणून घरी आल्या आल्या निवड करायला बसूच नका. कार्ड रिकामं करा, बॅकअप घ्या आणि तीन-चार आठवडे त्या फोल्डरला हात लावू नका. तेवढ्यात मेहनतीची आठवण जरा फिकी पडते आणि मग फोटो फोटोसारखा बघता येतो.

मग आधी सगळे फोटो स्क्रीनवर अगदी छोटे करून बघा. त्या आकारात पक्ष्याचा आकार आणि मागची जागा एवढंच कळतं, पिसं वगैरे काही दिसत नाही. जो फोटो तेवढ्यातही नजर धरून ठेवतो तोच उघडा. आपण उलटं करतो, आधी 100 टक्के झूम करून डोळा शार्प आहे ना बघतो आणि शार्प असला की खूष. आजच्या कॅमेऱ्यात डोळ्यावर फोकस कॅमेराच धरतो हो, त्यामुळे शार्प असणं ही आता किमान अट झाली, त्याचे वेगळे मार्क नाहीत.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा, हा पक्षी इथे काय करतोय? एका वाक्यात उत्तर आलं पाहिजे आणि ते फोटोतूनच आलं पाहिजे, कॅप्शनमधून नाही. समजा कापशी (लाल डोळ्याची छोटी घार) आहे. ती वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी फडफडत थांबते, पंख हलत असतात पण डोकं जागचं हलत नाही, नजर खाली गवतातल्या उंदरावर. बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंत) तुम्हाला वीस फ्रेम मिळाल्या. एकीत पंख बरोबर आडवे, अंगाच्या रेषेतच, त्यामुळे पक्षी काठीसारखा सपाट दिसतो. दुसरीत पंख वर आहेत पण पंखाची सावली तोंडावर पडलीय. तिसरीत पंख मागे ओढलेत, पाय नुकते खाली सुटायला लागलेत, मान वाकलीय आणि तो लाल डोळा सरळ खाली बघतोय. पंखाची टोकं थोडी हललीत. लोक नेमकी ही तिसरी डिलीट करतात, टोकं शार्प नाहीत म्हणून! अहो, तीच ठेवायची फ्रेम आहे. तिच्यात कापशी आता झेपावणार हे कळतं, आणि टोकांची ती हालचाल तर तिथे शोभून दिसते.

डोळ्याचं अजून एक. गरुडांच्या डोळ्यावर भुवईसारखं हाड पुढे आलेलं असतं, त्यामुळे ऊन वरून यायला लागलं की डोळा सावलीत जातो आणि काळं भोक दिसतं. मग एडिटमध्ये तो उजळायचा प्रयत्न करतात, तो खोटा दिसतो, परीक्षकाला लगेच कळतं. शिवाय पापणीच्या आतला पांढरट पडदा कधीकधी नेमका त्याच क्षणी डोळ्यावर आलेला असतो, तेही झूम करून बघा, छोट्या स्क्रीनवर ते सुटतं.

तुमचे बरेच फोटो कुठे मार खातात तेही अंदाजाने सांगतो. माळावर ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते, आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो मग कितीही महाग लेन्स असली तरी मऊच येतो. ते फोटो सॉफ्टवेअरने धारदार केले की कडांभोवती पांढरी रेघ येते आणि पिसं प्लास्टिकची वाटतात. असे सरळ बाद करा. त्यापेक्षा सकाळचे पहिले दोन तास धरा, तेव्हा गरम हवेचे झोत सुरू झालेले नसतात म्हणून गरुडही खालीच बसलेले असतात. आणि वारा बघा. शिकारी पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतो. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी बऱ्याचदा पूर्वेकडून, ईशान्येकडून वारा असतो, म्हणजे तुम्ही पक्ष्याच्या पूर्वेला थांबलात तर ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्षी उडणार तो तुमच्याच दिशेने तोंड करून. उडायच्या आधी तो बहुतेक वेळा शीटतो, जरा पुढे झुकतो, तेव्हा बोट शटरवर तयार ठेवा. पाठमोऱ्या पक्ष्याचे फोटो जास्त येत असतील तर नशिबाला दोष देऊ नका, जागा बदला.

शेवटचं, क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं. मला मनापासून वाटतं की आपण सगळे पक्ष्याला फार मोठा करायला जातो. भोवत्या सोनेरी गवतावरून खालून खालून तरंगत चाललाय, तर तो फ्रेममध्ये छोटा राहू दे ना, गवत दिसू दे, क्षितिज दिसू दे. तो पक्षी त्या गवतासाठी तर इतक्या लांबून येतो.

आणि वर्षाचे दहाच फोटो ठेवायचे असं ठरवा, प्रत्येकाखाली का ठेवला ते एक ओळ लिहा. ओळ सुचली नाही तर तो फोटो काढून टाका आणि पुढचा बघा. दाखवायचं असेल तर फोटोग्राफर मित्रापेक्षा पक्षी बघणाऱ्या माणसाला दाखवा, तो सेटिंग विचारत नाही, पक्षी काय करत होता ते विचारतो.

प्रश्न (एक वाचक, सोलापूर जिल्हा): सापमार गरुडाचं घरटं कुठे आहे ते ओळखीच्या गुराख्याने सांगितलंय. लांबून, लपून फोटो काढले तर चालेल ना?

उत्तर: नाही, नका जाऊ. सापमार एका वेळी एकच अंडं घालतो. तुमच्यामुळे मादी उठून गेली आणि अंडं उन्हात तापलं किंवा कावळ्यांनी फोडलं तर त्या जोडीचं वर्ष गेलं. लपून बसलात तरी जाताना-येताना तुम्ही दिसताच, गरुडाच्या नजरेतून काय सुटणार? आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंसुद्धा येतं, हे फार लोकांना माहीतच नसतं. एरिक हॉस्किंग या इंग्लिश छायाचित्रकाराचा डावा डोळा 1937 साली घरट्याजवळच्या घुबडाच्या हल्ल्यात गेला, म्हणजे पक्षी पिल्लांसाठी कुठवर जातात बघा. त्या गुराख्यालाही सांगा की जागा अजून कुणाला सांगू नको. आणि त्या भागातला कुठलाही फोटो टाकताना त्यातलं लोकेशन आधी काढून टाका.

प्रश्न (एक वाचक, पुणे): आमिष म्हणून जिवंत उंदीर सोडून काढलेला झेप घेतानाचा फोटो आणि माळावर वाट बघून मिळालेला, दोन्ही सारखेच दिसतात. मग फरक काय?

उत्तर: सारखे दिसत नाहीत, नीट बघा. आमिषाच्या फोटोत पक्षी बहुतेक कॅमेऱ्याच्या नाकासमोर येतो, पाठीमागचं दृश्य गुळगुळीत, उजेड हवा तसा, कारण जागा माणसाने ठरवलेली असते. मोठ्या स्पर्धांत जिवंत आमिषाचे फोटो चालत नाहीत. पण त्याहीपेक्षा वाईट म्हणजे त्या पक्ष्याला माणूस म्हणजे खाणं हे कळायला लागतं, आणि सगळी माणसं कॅमेरा घेऊनच येत नाहीत.

प्रश्न (एक वाचक, चिपळूण): नवीनच सुरुवात केलीय, माझ्याकडे 70-300 मिमी लेन्स आहे. गरुडांसाठी 600 मिमीची घेईपर्यंत थांबू का?

उत्तर: अजिबात नको. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी जा, घारी आणि ब्राह्मणी घारी मासळीवर अगदी जवळून झेपावतात, 300 पुरते. शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं असतं, मागे गडद पाणी असलं की ते जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होऊन तपशील जातो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) कमी करा. साधी घार उजळ आभाळात असेल तर उलट, एक स्टॉप वाढवा नाहीतर ती नुसती काळी दिसेल. हे दोन्ही बदल न बघता, बोटांनी पटापट करता यायला लागले की मग मोठ्या लेन्सचा विचार करा.